नोकरी बीकेसीत, घर कुठे? कुटुंबासाठी उपनगर निवडण्याचा नीट क्रम

मुंबईत नवी नोकरी लागली की बहुतेक कुटुंबं एकाच उलट्या क्रमानं जातात. आधी फ्लॅट आवडतो, मग टोकन दिलं जातं, मग शाळेची शोधाशोध होते. रोजचा प्रवास कसा आहे हे कळतं ते रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी. तोवर डिपॉझिट अडकलेलं असतं आणि मुलाची फी भरून झालेली असते.

आम्हीही हेच केलं. रविवारी दुपारी घर पाहिलं. स्टेशनवर गर्दी नव्हती, रिक्षा लगेच मिळाली, हवेशीर बाल्कनी पाहून तिथंच टोकन दिलं. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि मी साडेसातच्या आत कधीच पोहोचत नसे. पाच महिन्यांत घर बदललं. दुसरी ब्रोकरेज, दुसरा टेम्पो, आणि मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात तुटली. पैशांचं फारसं वाटलं नाही, शाळेचं अजून वाटतं. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितोय.

उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलाचं, म्हणजे बीकेसीचं घेतलं आहे. नोकरी ऐरोलीत, लोअर परळला किंवा सीप्झला असली तरी पायऱ्या याच, फक्त स्टेशनांची नावं बदलतील. नोटीस पीरियडचे दीड-दोन महिने हाताशी असतील तर सगळं नीट बसतं. पंधराच दिवस असतील तर नोकरी करणाऱ्यानं आधी एकट्यानं पेइंग गेस्ट म्हणून राहावं आणि कुटुंब मागाहून आणावं. घाईत घेतलेल्या घरापेक्षा ते स्वस्त पडतं.

टप्पा १: टेबल नेमकं कुठे आणि किती वाजता

ऑफर लेटरवर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असतो. तुम्ही बसणार ती जागा वेगळी असू शकते. एचआरला चार प्रश्न स्पष्ट विचारा: कोणती इमारत आणि कोणतं गेट, हजेरीची वेळ, आठवड्यातून किती दिवस ऑफिसात यायचं, आणि वर्षभरात जागा बदलण्याची शक्यता आहे का.

गेट विचारा म्हटलं की लोकांना ते फाजील वाटतं. पण बीकेसी हे एक मोठं संकुल आहे. वांद्र्याच्या बाजूचं ऑफिस आणि कुर्ल्याच्या बाजूचं ऑफिस यांत शेअर रिक्षाचं स्टेशन बदलतं, आणि स्टेशन बदललं की लोकलची लाइनच बदलते.

नवरा-बायको दोघंही नोकरी करणार असाल तर दोघांची टेबलं एकाच कागदावर मांडा. ज्याला मुलांना आणायला जायचंय त्याचा प्रवास छोटा हवा. ज्याचा पगार मोठा त्याच्या सोयीनं घर घेतलं जातं आणि मुलांची ने-आण दुसऱ्याच्या गळ्यात पडते, असं फार घरांत पाहिलंय.

टप्पा २: किलोमीटर सोडा, मिनिटांची मर्यादा ठरवा

दारापासून टेबलापर्यंत एका बाजूला जास्तीत जास्त किती मिनिटं, हा आकडा घर पाहण्याआधी लिहून ठेवा. लहान मुलं असतील तर मी ७५ मिनिटांच्या वर जाऊ नका म्हणेन. ९० मिनिटं झाली की रोज तीन तास गेले. मूल उठायच्या आत तुम्ही निघता आणि ते झोपल्यावर परत येता.

त्या मिनिटांत हे सगळं धरायचं: लिफ्ट, रिक्षाची वाट, रिक्षा, पूल चढणं-उतरणं, लोकलची वाट, पहिली लोकल भरलेली आली तर दुसरीची वाट, लोकल, उतरल्यावरची रांग, शेवटचा तुकडा, आणि ऑफिसातल्या लिफ्टची रांग. लोकलचा वेळ वेळापत्रकात मिळतो. बाकीचा कुठेच छापलेला नसतो आणि तोच बऱ्याचदा निम्मा भरतो.

तपासा: पाळणाघर किंवा शाळेची बस संध्याकाळी किती वाजता मुलाला सोडते? ऑफिस सुटण्याच्या वेळेत तुमची मिनिटं मिळवा आणि वर वीस मिनिटं उशीर धरा. बेरीज त्या वेळेपलीकडे जात असेल तर आजी-आजोबा, मदतनीस किंवा जास्त वेळ उघडं राहणारं पाळणाघर यांची सोय झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: उपनगराआधी लाइन निवडा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. लोक "ठाणे की बोरिवली की खारघर" असा विचार करतात. खरा प्रश्न आहे मध्य, पश्चिम की हार्बर, आणि उतरायचं कुठे.

मध्य रेल्वेनं बीकेसीला यायचं तर कुर्ल्याला उतरायचं. शीवही (सायन) जवळ आहे, पण तिथं फक्त स्लो, म्हणजे सगळ्या स्टेशनांवर थांबणारी लोकल, थांबते. सीएसएमटीपासून, म्हणजे मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या शेवटच्या स्टेशनापासून, ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण सुमारे ५४, बदलापूर ६८. हे आकडे ऐकून पुष्कळ जण डोंबिवलीला फुली मारतात. पण तुम्हाला सीएसएमटी गाठायचंच नाही, तुम्ही कुर्ल्याला उतरणार. तिथून डोंबिवली ३२-३३ किलोमीटरवर येतं आणि फास्टनं साधारण ४० मिनिटं लागतात. ठाण्याहून वीस-पंचवीस. कल्याणच्या पुढे मार्ग कसारा आणि कर्जतकडे फुटतो, त्यामुळे टिटवाळा किंवा बदलापूरची लोकल चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. तिथलं भाडं कमी असण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पश्चिम रेल्वेवर वांद्र्याला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. बोरिवलीहून फास्टनं अर्धा तास धरा. वसई-विरारला घरं मोठी आणि भाडी कमी, पण विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर आहे आणि सकाळच्या विरार फास्टमध्ये मधल्या स्टेशनांवर चढणं सवय नसलेल्या माणसाचं काम नाही.

पश्चिम उपनगरांना आता दुसरा रस्ताही आहे. दहिसर पूर्वेहून मेट्रो ७ नं गुंदवली, तिथून पुलानं मेट्रो १ चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, मग मरोळ नाका, आणि मेट्रो ३ नं थेट बीकेसी. दोनदा गाडी बदलावी लागते आणि भाडं लोकलच्या पासापेक्षा पुष्कळ जास्त. पण गरोदर बाई, गुडघेदुखी असलेला माणूस, किंवा ज्याला लोकलची गर्दी झेपतच नाही त्याच्यासाठी कांदिवली, मालाड, गोरेगाव पूर्वेचा हायवेलगतचा पट्टा यामुळे खरोखर विचारात घेण्याजोगा झाला आहे. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यालाही घाटकोपरला मेट्रो १ पकडून मरोळ नाक्यामार्गे बीकेसीला येता येतं. कुर्ल्याच्या रिक्षांचा संप असेल त्या दिवशी हे आठवा.

हार्बरवर पनवेल, खारघर, नेरूळ ही मोकळी, आखीव वस्ती. रस्ते रुंद, बागा भरपूर, मुलांना सायकल चालवता येते. पण हार्बरवर मध्य रेल्वेसारखी फास्ट-स्लोची सोय नाही. पनवेल ते कुर्ला ५५ मिनिटांच्या आसपास लागतात. शिवाय खारघरचे आतले सेक्टर स्टेशनपासून बरेच लांब आहेत, तो वेळ वेगळा.

सावध: जी मेट्रो आज चालू नाही ती हिशोबात धरू नका. ब्रोकर आणि बिल्डर दोघंही "पुढच्या वर्षी मेट्रो" म्हणतात. नवी मुंबईच्या बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि ती धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तेवढ्यात पहिलीतलं मूल कॉलेजात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा आरे–बीकेसी टप्पा उघडला तोही वर्षानुवर्षांच्या खणाखणीनंतरच. मेट्रो झाली की बोनस समजा.

आणखी एक सावधगिरी नावांबद्दल. "ठाण्यात घर" म्हणजे नौपाडाही असतं आणि घोडबंदर रोडवरचं कासारवडवलीही. दुसरं स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, आणि घोडबंदर रोडची सकाळची कोंडी कुणाचं ऐकत नाही. जाहिरातीतलं "स्टेशनपासून दहा मिनिटं" हे रात्री अकराला बाइकवर मोजलेलं असतं.

या टप्प्याच्या शेवटी कागदावर दोनच लाइन आणि तीन-चार स्टेशनं उरली पाहिजेत. जास्त उरली असतील तर मिनिटांची मर्यादा तुम्ही मनातल्या मनात ढिली केलीत.

टप्पा ४: कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, दोन्ही बाजूंनी चाचणी

हा टप्पा कुणी करत नाही. एक दिवस आणि दोनेकशे रुपये जातात, पण वर्षभराचा त्रास वाचतो.

मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या. रविवार नको: गर्दी नसते, आणि मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग बंद) असला तर गाड्याही वेळेवर नसतात, म्हणजे दोन्हीकडून खोटं चित्र दिसतं. ज्या सोसायटीत घर घेण्याचा विचार आहे तिच्या गेटपासून घड्याळ लावा. डब्याची पिशवी, लॅपटॉप, सगळं रोजच्यासारखं बरोबर घ्या. प्रत्येक तुकड्याची वेळ मोबाइलवर टिपून ठेवा.

सकाळी पाहायच्या गोष्टी:
- रिक्षाच्या रांगेत किती जण, आणि रांग सरकते का.
- ते स्टेशन लोकल सुटण्याचं आहे का. डोंबिवली, ठाणे, बोरिवलीहून सुटणारी लोकल मिळाली तर उभं राहायला तरी नीट जागा मिळते. मधल्या स्टेशनावर भरलेलीच गाडी येते.
- किती गाड्या सोडाव्या लागल्या.
- उतरायच्या स्टेशनावर दरवाज्यापर्यंत पोहोचता आलं का.

संध्याकाळची फेरी सकाळइतकीच महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी तीच टाळतात. बीकेसी एकाच वेळी सुटतं. साडेसहाला कुर्ल्याकडे जाणाऱ्या रिक्षाची रांग आणि पावणेसातच्या कुर्ल्याच्या पुलावरची गर्दी स्वतः पाहा. घरातल्या बाईंची नोकरी असेल तर त्यांनी स्वतः महिलांच्या डब्यातून जाऊन पाहावं, नवऱ्यानं जनरल डब्यातून अंदाज बांधू नये. रात्री दहाला त्याच स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते का, पुलावर दिवे आहेत का, हेही त्यांनीच बघावं.

"रिटर्न येऊ" या भरवशावर घर घेऊ नका. म्हणजे बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेनं जाऊन त्याच गाडीनं परत यायचं. यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि पास त्या पुढच्या स्टेशनापर्यंतचा नसेल तर तो विनातिकीट प्रवास ठरतो.

लटकून प्रवास करावा लागेल असं चाचणीत दिसलं तर ते स्टेशन यादीतून काढा. "होईल सवय" असं म्हणू नका. ९ जून २०२५ ला दिवा–मुंब्रा दरम्यान भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि जीव गेले. ती रोजच्यासारखीच कामावर निघालेली माणसं होती. भाड्यातले चार-पाच हजार वाचवण्यासाठी ही जोखीम घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एक खोली कमी घ्या आणि दोन स्टेशनं अलीकडे या.

टप्पा ५: शाळा, घराच्या आधी

स्टेशन ठरलं की फ्लॅट नाही, शाळा. आणि शाळा ठरवताना स्टेशनाची बाजू बघायची. पूर्वेला घर आणि पश्चिमेला शाळा म्हणजे बस रोज दोनदा उड्डाणपुलाच्या कोंडीत. नकाशात दीड किलोमीटर दिसणाऱ्या अंतराला मुलाची चाळीस मिनिटं जातात.

सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. नोकरी ऑगस्टमध्ये सुरू होत असेल तर जागा आहे का हे शाळेत प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी किंवा ईमेलवर घ्या. फोनवरचं "या, बघू" म्हणजे प्रवेश नव्हे.

कागदांत हमखास अडकतं ते असं. जुन्या शाळेकडून शाळा सोडल्याचा दाखला घेतला जातो, पण यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद प्रणालीतून मुलाचं नाव पुढच्या शाळेकडे पाठवायला सांगायचं राहून जातं. दाखला घेतानाच तेही करून घ्या. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते, गाव सोडल्यावर ती मिळवायला पुन्हा फेरी पडते. पहिलीसाठी मुलाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना प्राधान्य असतं आणि भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत करार लागतो, नुसत्या साध्या कागदावरचा चालत नाही.

तपासा: शाळेला मान्यता आहे का. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो. शाळेचा यू-डायस क्रमांक मागा. तो सांगायला कार्यालय टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

शाळेच्या आसपास बालरोगतज्ज्ञ, रात्री उघडं असणारं हॉस्पिटल आणि मोकळं मैदान आहे का ते त्याच फेरीत पाहून घ्या. सोसायटीतली मुलं संध्याकाळी कुठे खेळतात हे वॉचमनला विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

टप्पा ६: पाणी, पावसाळा आणि इमारतीचे कागद

आता फ्लॅट पाहा. पहिला प्रश्न पाण्याचा. "चोवीस तास पाणी आहे" याचा अर्थ टाकीत चोवीस तास आहे, पालिकेचं किती येतं हे त्यातून कळत नाही. सोसायटीच्या कार्यालयात विचारा: पालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा. घोडबंदर रोडचे मोठे टॉवर, मीरा-भाईंदर, वसई-विरार इथं हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे तिथं परिस्थिती बरी. पण उलवे, खारघर, पनवेल म्हणजे नवी मुंबई महापालिका नव्हे, तिथं वेगळं विचारा.

पावसाळ्यासाठी तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. पाणी कुठवर चढतं ते तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. उल्हास नदीकाठचा बदलापूर–वांगणी पट्टा किती धोक्याचा आहे ते जुलै २०१९ मध्ये दिसलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. बीकेसीला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जोरदार पावसात कुर्ला–शीव आणि हार्बरवरचं चुनाभट्टी इथं रुळांवर पाणी येतं. असे दिवस दरवर्षी येतात. त्या दिवशी मूल कुणाकडे थांबेल, हे जूनच्या आत ठरलेलं हवं.

इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, भाडेकरूनंही मागावं. "आपण थोडंच विकत घेतोय" हा विचार महागात पडतो. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी खोट्या कागदांवर महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे, क्रमांक मिळवले होते आणि उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची अनधिकृत चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. इमारत जुनी असेल तर महापालिकेच्या अतिधोकादायक, म्हणजे सी-१ यादीत तिचं नाव आहे का ते पाहा. या याद्या पावसाळ्याआधी जाहीर होतात.

टप्पा ७: पैशांची बेरीज

भाड्याची तुलना करू नका, महिन्याच्या एकूण खर्चाची करा. भाडं, मेंटेनन्स कुणाकडे, पास किंवा मेट्रो, दोन्ही टोकांची रिक्षा, शाळेची बस, पाळणाघराचे जास्तीचे तास, टँकरचा वाटा. दोघं नोकरी करत असतील तर रिक्षा आणि पास दोनदा. मी ज्यांना ज्यांना ही बेरीज करायला लावली त्यातल्या बऱ्याच जणांचं "स्वस्त" उपनगर दोन स्टेशनं अलीकडच्या छोट्या घरापेक्षा हजार-दीड हजारानंच स्वस्त निघालं.

सुरुवातीचे एकरकमी पैसे वेगळे काढा: डिपॉझिट, ब्रोकरेज (११ महिन्यांच्या कराराला साधारण एका महिन्याचं भाडं घेतात), शिफ्टिंग, शाळेची फी, आणि सोसायटीचं मूव्ह-इन शुल्क असेल तर ते.

टप्पा ८: टोकन आणि करार

टोकन देण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: शाळेचा होकार, चाचणीची मिनिटं, आणि सोसायटी भाडेकरूला परवानगी देते याची खात्री. टोकन द्यायचं ते मालकाच्या खात्यात, ब्रोकरच्या नव्हे. वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा खरेदीच्या नोंदीचा उतारा) यावरचं नाव मालकाशी जुळतं का ते पाहा.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोटरीवर भागवू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज या रकमेच्या ०.२५ टक्के असतं. २५ हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांचे सातशे-साडेसातशे रुपये होतात, शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. ब्रोकर यासाठी फार मोठा आकडा सांगत असेल तर तपशील मागा.

करारात लॉक-इनचं, म्हणजे किती काळ घर सोडता येणार नाही याचं, कलम शोधा. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबानं लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नये, आणि सोडण्याची नोटीस एक महिन्याची ठेवावी. भाड्यात हजार रुपये जास्त द्यावे लागले तरी चालेल. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन दिली जाते, त्याची प्रत मागून घ्या. सोसायटी, गॅस, आधारचा पत्ता सगळीकडे ती आणि करार लागतो.

सामान आणायचा दिवस शनिवार धरा, रुजू होण्याच्या किमान आठवडाभर आधीचा. सोसायटी टेम्पोला कोणत्या वेळेत आत सोडते ते विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी रविवारी मनाई असते. पहिल्या महिन्यात त्रैमासिक पास काढू नका, मासिकच काढा. त्या महिन्यात रोज घरी पोहोचण्याची वेळ कॅलेंडरवर लिहीत जा. दहापेक्षा जास्त दिवस मर्यादेबाहेर गेले तर लॉक-इन संपायच्या आत, त्याच शाळेच्या बसमार्गावर पण स्टेशनाच्या जवळचं घर शोधायला लागा.